घण सासूचा, हातोडी सुनेची

टमाटर कापता कापता सूनबाईनं चाकू ओट्यावर ठेवला आणि मला विचारलं, "आई, हे तुम्ही दुकानात विकता?"

"विकते. काहून?"

"हा कापत नाही हो, दाबतो. बघा ना टोमॅटोचं काय झालंय."

आता सांगा, पवनीच्या बाजारात जिचं भांड्यांचं दुकान आहे, नवऱ्यानं चालवलेलं, त्याच्या आधी सासऱ्यानं चालवलेलं, त्या बाईला तिच्याच स्वयंपाकघरात तिच्याच सुनेनं असं म्हणावं? माझं डोकंच फिरलं. "अर्ध्या पवनीनं माह्या दुकानातून चाकू नेला, आजवर कोणाची बोंब नाई आली. तूच एक आली नाशिकहून महाराणी!" असं म्हणून मी तो चाकू हिसकला आणि कापून दाखवायला गेले. टमाटरचा रस माझ्या बाहीवर उडाला, बिया ओट्यावर. सून तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. मग मी खाली बसून पावशी ओढली, तिच्याकडे तिला विळी म्हणतात, आणि उरलेले टमाटर धडाधड कापून टाकले. वर सांबारही कापला, म्हणजे तिची कोथिंबीर. पण आतून मला कळून चुकलं होतं की पोरगी खरं बोलत होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसल्या बसल्या मी पुठ्ठ्यावर चिकटवलेले ते लाल-हिरव्या मुठीचे चाकू काढले आणि एकेकानं सुतळी कापून पाहिली. गिऱ्हाईक येताना दिसलं की लपवत होते. सुतळी काही धड कापली गेली नाही, आणि माझा दिवसभराचा मूड गेला.

सून नाशिकची. मुलानं पुण्यात नोकरी करता करता स्वतःच पसंत केलेली. लग्नाला वर्ष होत नाही तोच कंपनीनं त्याला काही महिन्यांसाठी परदेशी पाठवलं. तिचं काम लॅपटॉपवरचं, कुठंही बसून होतं. मुलगा फोनवर म्हणाला, "मी येईस्तोवर ते तुह्याजवळ रायते, आई." मी वरवर म्हटलं, "राहू दे बापा, मले काय!" आणि फोन ठेवला तो लगेच वरच्या खोलीला रंग द्यायला माणूस बोलावला.

यजमान गेल्यापासून घरात एकटीचं ताट. एकटीसाठी भाजी फोडणीला टाकायची म्हटलं की माझा हातच चालत नसे, चहा-पोळीवर भागवायचे. पोरगी आली आणि सकाळी उठावंसं वाटायला लागलं. तिला पोहे आवडतात म्हणून मी पोहे करायचे, आणि ती कमी खाते म्हणून तिच्यावर ओरडायचे. माझं तोंड असंच आहे. मनात एक असतं आणि बाहेर पडताना त्याला शिंगं फुटतात.

एका संध्याकाळी मी वाळलेले कपडे आणायला गच्चीवर निघाले होते. नेटवर्क तिथंच बरं मिळतं, म्हणून ती तिथं उभी राहून तिच्या आईशी बोलत होती. "मम्मी, इथं करमत नाही गं. दसऱ्यापर्यंत राहते, मग नाशिकलाच येते." मी जिन्यातूनच परत फिरले. कपडे रात्रभर वर राहिले. तिनं राहावं असं मला फार वाटत होतं, आणि ते तिला सांगायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटत होती. दसऱ्याला वेळ होता, पण फार नव्हता.

त्याच आठवड्यात तिनं जाहीर केलं, "आई, मी चाकू बनवायला शिकणार."

"शिवण शीक. केक शीक. चाकू कायले?"

"दिवसभर बोटं नुसती बटणांवर चालतात. संध्याकाळी हातात काहीच उरत नाही. मला एक वस्तू करायची आहे, जी हातात धरता येईल."

मला ते पटलं, अगदी पटलं. पण तोंडातून निघालं, "कर बाई कर, सासूचा गळा कापाच्या कामी येईल." ती खळखळून हसली. तिचं हे एक बरं होतं, माझी शिंगं तिला टोचत नसत.

मग शोध सुरू झाला. मोबाईलमध्ये नवशिक्यांसाठी चाकूचे क्लास पुष्कळ निघाले, पण सगळे दूर. बंगळूरला एक, दिल्लीच्या बाजूला एक, आणि एक बाबा तर डोंगरात तंबू ठोकून शिकवत होता. एका ठिकाणी तिनं फोन लावला तर पलीकडचा माणूस विचारतो, घरी गॅसची भट्टी आहे का, पातं घासायचं मशीन आहे का? "ते असतं तर याले कायले फोन केला असता!" मी मागून ओरडले. त्यानं ऐकलं असावं, फोन लवकर संपला. मग तिनं नकाशावर 'जवळपास' असं टाकून पाहिलं. आधी संगणकाचे क्लास आले, मग शिवणाचे, आणि सगळ्यात वर आलं आमचंच दुकान. कोण्या शहाण्यानं आमच्या दुकानाच्या नावाखाली 'चाकू-सुऱ्या' लिहून ठेवलं होतं. दोघी सोफ्यावर बसून पोट दुखेपर्यंत हसलो.

आयटीआयमध्येही ती जाऊन आली. तिथले सर भले माणूस. फिटर आहे, वेल्डर आहे, चाकू अभ्यासक्रमात नाही म्हणाले, आणि वर चहा पाजला.

मग तिनं मला न विचारता एक पराक्रम केला. आमच्या भिशीच्या ग्रुपवर मी तिला टाकून घेतलं होतं. तिथं तिनं सकाळी सकाळी लिहिलं: 'पवनीत किंवा जवळपास चाकू बनवायला कोण शिकवतं? मला लवकर शिकायचं आहे.'

मी दुकानात, मोबाईल गल्ल्याजवळ पडलेला, मला काय माहीत! अकराच्या सुमारास औषधवाल्याची बायको आली. काही घ्यायचं नव्हतं तिला. एक डबा घेऊन त्याचं झाकण नुसतं उघडझाक करत राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, घरी सारं बरं हाय ना?"

"बरं हाय. काहून?"

"नाई, सहज."

ती गेली आणि भिशीतलीच दुसरी आली. तिनं आजूबाजूला पाहिलं, काउंटरवर वाकली आणि म्हणाली, "आजकालच्या पोरींचं काई सांगता येत नाई. रातच्याले खोलीची कडी लावून झोपत जा, ताई."  दुपारपर्यंत दुकानात इतक्या बायका येऊन गेल्या की एवढ्या दिवाळीतही येत नाहीत, आणि एकीनंही चमचा घेतला नाही. संध्याकाळी तर कहर झाला. बपेऱ्याहून, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाहून, माझ्या भावाचा फोन. "ताई, काई झालं का? मी गाडी घेऊन येऊ का तुले न्यायले?"

तेव्हा कुठं मी ग्रुप उघडला. वाचलं आणि डोक्यात सणक गेली. घरी आले तर सून रडवेली होऊन बसलेली, तिलाही कोणीतरी फोन करून समजावलं होतं की सासूशी जमवून घ्यावं, टोकाचं पाऊल उचलू नये. "आई, मेसेज काढून टाकू का?"

आणि मला काय झालं कोण जाणे, सगळा राग तिच्यावरून उठून बाजारावर गेला. "काई काढत नाई! उद्या आपण दोघी गाडीवर बसून अख्ख्या बाजारातून जाऊ. चाकू कोण शिकवते म्हणून मीच इचारते एकेकाले. पाहू दे सगळ्याईले!"

आणि तसंच केलं. ती स्कूटी चालवत होती, मी मागे पदर खोचून. किराणावाला, पानठेलेवाला, टेलर, कोणाला सोडलं नाही. पानठेल्यावर एकानं डोकं लावलं, "आंबागडले किल्ला हाय, तेथी तलवारी करणाऱ्याईचं खानदान असनच." आंबागडला माझा मामेभाऊ राहतो. पानठेल्यावरूनच त्याला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, किल्ल्यात आता माकडं हायेत. त्याईले येत असन तर इचारून सांगतो." शेवटी धानाच्या व्यापाऱ्यानं सरळ उत्तर दिलं. "कापणी तोंडावर आली. लोक इळे कोठून आणतात? तुमच्या दुकानातून त नाई आणत ना? मंग जेथून आणतात तेथी जा." विळा, म्हणजे आमचा इळा, पुठ्ठ्यावर चिकटून येत नाही हे मला, दुकानदारणीला, सुचायला हवं होतं.

गावाबाहेर रस्त्याच्या कडेला लोहाराचं घर आहे. त्याच्या आजाच्या काळात ही मंडळी गाड्या घेऊन फिरत फिरत आली आणि इथंच राहिली. टिनाच्या शेडखाली भट्टी, तिला हवा मारायला हातानं फिरवायचा पंखा, मधे जमिनीत रोवलेली ऐरण. पण भट्टी थंड. लोहार गुडघ्यात मान घालून बसलेला, आणि शेजारी खाटेवर त्याची बायको, हात गळ्यात अडकवलेला.

सुनेनं आपलं म्हणणं मांडलं. लोहार म्हणाला, "क्लास-फ्लास काई नाई आमच्या येथी, बेटा. आमी लहानपनापासून भट्टीजवळ बसलो, बसता बसता आलं."

"मग मलाही भट्टीजवळ बसू द्या ना."

"भट्टीच बंद हाय," तो म्हणाला आणि बायकोकडे बोट केलं. "इचा खांदा उतरला. चिखलात घसरली."

मला कळेना की तिच्या खांद्याचा भट्टीशी काय संबंध. मग त्यानं सांगितलं. त्यांच्यात माणूस सांडशीनं लोखंड धरतो आणि लहान हातोडी चालवतो. मोठा घण मारते ती बाई. त्याची आई मारायची, आजी मारायची, लग्न करून आली तशी ही मारते. आता कापणी आली, गावोगावचे इळे अडकून पडले, आणि घण मारायला कोणी नाही. एक माणूस लावून पाहिला होता. "लोखंड सोडून चारी बाजूले मारे. माहा अंगठा वाचला हेच बरं."

एव्हाना लोहारीण खाटेवरून माझ्याकडे पाहत होती, खालून वर आणि वरून खाली. मी आयुष्यभर पितळेचे गुंड आणि गंज, म्हणजे हंडे-पातेली, उचलले, माळ्यावर चढवले, उतरवले. माझे दंड काही लपत नाहीत. ती नवऱ्याला म्हणाली, "हे बाई मारन."

"कोण? मी?" मी म्हटलं. "मी दुकानदारीण हाय!"

"मंग दुकान उघडाच्या आधी ये."

सून माझ्याकडे अशी पाहायला लागली की नाही म्हणायला तोंड उघडेना. सौदा असा ठरला: मी सकाळी त्यांच्या इळ्यांसाठी घण मारायचा, आणि इळ्यांचं काम झालं की लोहारानं सुनेला चाकू शिकवायचा. तेव्हाही घण माझाच. क्लास शोधत आलो होतो आणि मजुरी मिळाली, तीही मला.

पहिल्या दिवशी मी घण उचलला आणि हाणला तो ऐरणीच्या कोपऱ्यावर. झिणझिण्या पार दातापर्यंत गेल्या. खाटेवरून लोहारीण कडाडली, "आंगानं मार, हातानं नोको! कंबर कोठी ठेवून आली, घरी?" माझी सासू गेल्यापासून माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं. मी उलटून काही बोलणार, तर ती पुढचं ओरडलीसुद्धा, "तोंड बंद, दम जाते!" सून कोळशाकडे तोंड करून हसत होती, तिचे खांदे हलताना मला दिसले.

मग लोहारणीनं मला या कामातली बोली शिकवली. भट्टीवर कोणी बोलत नाही, हातोडी बोलते. लोहार लहान हातोडीनं लोखंडावर टक करतो, तिथं घण पडायला पाहिजे. हलकं टक केलं तर हलका, जोरात केलं तर जोरात. आणि थांबायचं असलं की तो हातोडी लोखंडावर नाही, रिकाम्या ऐरणीवर टाकतो. टण्ण असा मोकळा आवाज आला की घण हवेत असला तरी तिथंच आवरायचा. लोखंड लाल आहे तोवरच त्याला मार सोसतो, काळं पडल्यावर मारलं तर ते चिरतं. एवढंच शास्त्र. लोहाराच्या हातोडीशी माझं आठवडाभरात जमलं. इळे भराभर तयार व्हायला लागले आणि लोहारीण मला 'ताई'वरून 'बाप्पा, हे त मरद हाय' इथपर्यंत घेऊन आली. मी घरी जाऊन आरशात दंड पाहिले, खोटं कशाला सांगू.

खरी पंचाईत सुनेच्या पाळीला झाली. ट्रकच्या कमानीचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगपट्टीचा, एक जुना तुकडा लोहारानं तिला दिला. सांडशी तिच्या हातात, लहान हातोडी तिच्या हातात, आणि मी समोर घण घेऊन उभी. तिनं टोकाजवळ टक केलं. मी मधोमध हाणलं.

"आई, इथं."

"तेथी कायले? मधात जाड हाय ना!"

लोहार म्हणाला, "बाई, तुमाले कोणं इचारलं?"

आता बघा, लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे सासू थकल्यापासून तर नक्कीच, कोणती वस्तू कुठं ठेवायची, मीठ किती टाकायचं, कोणता डबा कोणत्या फळीवर जायचा, हे या घरात मी ठरवते. आणि कालची पोर मला टक करून दाखवणार, इथं मारा! ती हातोडीनं एक सांगे आणि माझा घण दुसरं करे. तिचा पहिला तुकडा भाकरीसारखा चपटा झाला. दुसरा वाकडा. पण तिसऱ्या वेळेला मी दात ओठ खाऊन ठरवलं की आपण काहीच ठरवायचं नाही. तिनं टक केलं, मी मारलं. टक, मारलं. टक, मारलं. आणि काय सांगू, ते लाल लोखंड तिच्या मनासारखं लांब होत गेलं, आणि मला गंमत वाटायला लागली. लोहार विडी पेटवायची विसरून पाहत होता.

ते दिवस मजेचे गेले. सकाळी तोंडं काळी करून परत यायचं, वाटेत ठेल्यावर तिनं तर्रीवाले पोहे खायचे आणि मी नुसता चहा घ्यायचा, भिशीतल्या बायका समोरून आल्या की दोघींनी मिळून गोड हसायचं. पोरगी आता दोन प्लेटी खायची. मीही दुकानातले ते लाल-हिरवे चाकू आतल्या खणात टाकून दिले. मला वाटलं, आता ती नाशिकचं विसरली.

दसरा चार-सहा दिवसांवर आला. सकाळी भट्टीकडे जाताना गाडीवर ती पुढून म्हणाली, "आई, मम्मीनं तिकीट काढलंय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचं."

मी म्हटलं, "बरं."

एवढंच.  त्या दिवशी तिचा चाकू जवळजवळ आकाराला आला होता. पाठ जाड, पोट पातळ, टोक किंचित वर. भाजीच्या चाकूला आणखी काय पाहिजे! शेवटचा हात फिरवायचा होता. मी घण उचलला. टक केलं तिथं मारला, पण कसा मारला ते मलाच माहीत. प्रत्येक घावाला मनात तिकीट, तिकीट. लोखंड काळं पडत आलं, तिनं हातोडी रिकाम्या ऐरणीवर टाकली. टण्ण. मी ऐकलं, आणि तरी एक घण मारलाच.

पातं मधोमध चिरलं.

 सून त्या चिरेकडे पाहत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. मी मेल्याहून मेले. लोहारीण खाटेवरून उठली, चांगल्या हातानं माझ्याकडून घण घेतला आणि जमिनीवर ठेवला.

"राग घेऊन घण उचलला तू," ती म्हणाली. "आमच्यात असं नाई चालत. आमच्यात भांडन भट्टी पेटवाच्या आधी करतात. नवरा-बायको असो, माय-लेक असो. हा आन मी रोज सकाळी भांडतो, मंग आग लावतो. घण डोक्यावरून येते आन समोर आपल्या माणसाचा हात असते. पोटात ठेवून उचलाचा नाई." मग ती खाटेवर जाऊन बसली. "भांडा आता."

"येथी?" मी म्हटलं.

"येथीच. आमी आयकत नाई."

लोहारानं पंख्याचा दांडा सोडला आणि आमच्याकडे पाठ करून बसला. कान मात्र आमच्याकडेच होते दोघांचे.

मी सुरुवात केली, मला सुरुवात करायला काय लागतं! "जायचं हाय त जा ना! मंग कायले शिकून राहिली येथी? कायले मले पाहाटे उठवून आणते?"

"तुम्हालाच मी नकोशी झालेय!" ती पण काही कमी नाही, आवाज चढवला. "पहिल्या दिवसापासून ओरडताय. कमी खाते म्हणून ओरडता, उशिरा उठते म्हणून ओरडता!"

"मंग कोणासाठी पोहे करते मी रोज? मले पोह्याचा वास नाई आवडत! तू खाते म्हणून करते!"

"हे मला कसं कळणार? तुम्ही सांगितलंत कधी?"

"सांगाले काय पाहिजे? वरची खोली रंगवली, ते दिसत नाई?"

"रंगावरून कसं कळेल, आई!" ती आता रडतही होती आणि ओरडतही होती. "एकदा, फक्त एकदा म्हणाला असतात की राहा! मम्मी रोज म्हणते ये, ये. इथं मला कोण म्हणतं राहा?"

"राहा ना मंग!" मी अशी किंचाळले की रस्त्यावरून सायकलवर जाणारा माणूस थांबला. "राहा! मले घर खायले उठते तू नसली त. राहा म्हणते मी, आयकू येते का आता?"

सायकलवाला निघून गेला. सुनेनं ओढणीनं डोळे पुसले, कोळशाची काळी रेघ गालभर उमटली.  लोहारीण म्हणाली, "अजून काई हाय का पोटात? असन त आत्ताच काढा."

"नाही," सून म्हणाली.

"मले लय हाय, पण आजच्यापुरतं पुरे," मी म्हटलं.

लोहारानं पुन्हा दांडा धरला. कमानीचा नवा तुकडा कोळशात गेला. त्या सकाळी दुकान मी उघडलंच नाही. बाजाराचा दिवस होता, जाऊ दे, म्हटलं. टक, मारलं. टण्ण, थांबले. माझं अंग घामानं भिजलं होतं, पण मन असं हलकं की विचारू नका. गोडीनं मी तिला आजही सांगितलं नसतं, पण ओरडून का होईना, सांगून झालं होतं. आता तिचं ती पाहील.

लोखंड तिसऱ्यांदा की चौथ्यांदा तापवलं तेव्हा तिचा मोबाईल वाजला. तिच्या दोन्ही हातांत काम, म्हणून लोहारीण उठली आणि चांगल्या हातानं फोन तिच्या तोंडाजवळ धरला. बटण कुठलं तरी भलतंच दाबलं गेलं आणि नाशिकचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "काय गं, सामान आवरायला घेतलंस का?"

सुनेनं सांडशीनं पातं भट्टीतून ओढलं. केशरी-लाल, लखलखीत. ते ऐरणीवर ठेवता ठेवता ती घाईघाईनं म्हणाली, "मम्मी, तिकीट रद्द कर. आत्ता कुठं आईंचा हात बसतोय. मी आले तर घण कुठं टाकायचा ते त्यांना कोण दाखवणार?"

"काय टाकायचा?" नाशिकहून आवाज आला.

"नंतर सांगते, लोखंड काळं पडेल," ती म्हणाली, आणि हातोडीनं टक केलं.

मी तशीच उभी. घण खांद्यावर, आणि डोळ्यांतून पाणी. लोहारीण फोन हातात धरून माझ्या अंगावर ओरडली, "रडनं मंग करजो, ताई! अगोदर डोळे पूस आन मार!"

मी बाहीनं डोळे पुसले आणि मारलं, सुनेनं दाखवलं तिथंच.